गडगा चढण्याआधी: जमिनीच्या तंट्यात मनाई हुकूम कसा मागावा आणि कसा टिकवावा

कोकणातील जमिनीचे तंटे कागदावर वर्षानुवर्षे निपचित पडून असतात आणि एखाद्या आठवड्यात एकदम पेटतात. शेजारी पायवाटेवर जांभ्या चिऱ्यांचा गडगा (कुंपणाची भिंत) घालू लागतो, सहहिस्सेदाराने परस्पर विकलेल्या हिश्श्यावर बाहेरच्या खरेदीदाराचा जेसीबी येऊन उभा राहतो, किंवा बागेतील जुनी कलमे तोडायला माणसे येतात. मालकी कोणाची हे ठरवणारा अंतिम निकाल लागायला बराच काळ जातो, आणि तोपर्यंत जागाच ओळखू येईनाशी झाली तर त्या निकालाचा उपयोग मर्यादित राहतो. म्हणून अमुक कृत्य करू नये किंवा अमुक कृत्य करावे, असे न्यायालयाकडून बांधून घेण्याची सोय कायद्याने ठेवली आहे. ती वापरताना लोकांचे हाल बहुधा कायद्याच्या अज्ञानामुळे होत नाहीत. उशिरा जाणे आणि मोघम मागणे, या दोन गोष्टींमुळे होतात. या लेखाचा भर त्यांवरच आहे.

मनाईचे प्रकार थोडक्यात समजून घ्यावेत. दावा चालू असेपर्यंतची तात्पुरती मनाई दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश ३९ खाली मिळते (या संहितेतील नियमांच्या प्रकरणांना ‘आदेश’ म्हणतात). दाव्याच्या निकालाने मिळणारी निरंतर मनाई स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट, १९६३ च्या कलम ३८ खाली येते, आणि एखादी गोष्ट करायला लावणारा आज्ञार्थी आदेश कलम ३९ खाली येतो. या सर्वांत समान असलेली गोष्ट अशी की आदेश माणसांना बांधतो, जमिनीला नव्हे. ज्याला रोखायचे त्याचे नाव दाव्यात नसेल, तर आदेश हातात असूनही तो मनुष्य मोकळा राहण्याची भीती असते. म्हणून जमीनमालकाबरोबर प्रत्यक्ष काम करून घेणारा विकासक किंवा ठेकेदारही ओळखून त्याला प्रतिवादी करावे.

कोणत्या दारात जायचे

शेतजमिनीकडे जाणारी वाट किंवा शेताचे पाणी कोणी अडवले असेल, तर पहिला विचार तहसीलदारांकडे जाण्याचा करावा. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांना अडथळा दूर करण्याचा आणि पुन्हा अडथळा न करण्याचा आदेश देता येतो. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो आणि ही मुदत कोकणात फार लोकांची चुकते. गणपतीला गावी आल्यावर अडथळा दिसतो, शिमग्याला येऊ तेव्हा बघू असे ठरते आणि तोपर्यंत मुदत संपत आलेली असते. या आदेशावर अपील नसते, जिल्हाधिकाऱ्यांकडे फेरतपासणीचा मार्ग असतो, आणि दिवाणी न्यायालयाचा निर्णय त्याच्या वर राहतो. पूर्वीपासून वाट नसलेल्या शेताला बांधावरून नवी वाट हवी असेल, तर तो विषय महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ चा आहे. तेथेही तहसीलदारच निर्णय देतात.

घर, परडे, विहीर, घराकडे जाणारी पाखाडी (पायऱ्यांची वाट), मालकी आणि ताबा यांचे वाद दिवाणी न्यायालयाचे. सार्वजनिक अधिकाऱ्याने कायद्याने त्याच्यावर टाकलेले काम लेखी मागणी करूनही केले नाही, तर ते करायला लावण्याचा अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयाला आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या लोकांना त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही, कारण १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सुरू झालेल्या सर्किट बेंचकडे हे दोन्ही जिल्हे आले आहेत. रायगडची प्रकरणे मुंबईतच चालतात. खाडीकाठचा भराव, कांदळवनाची तोड, सागरी किनारा नियमन क्षेत्रातील बेकायदा बांधकाम अशा पर्यावरणाच्या विषयांसाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पुणे येथील पश्चिम विभागीय पीठ आहे. या विषयांवर दिवाणी न्यायालयाकडून मनाई मागण्यात वेळ घालवू नये, कारण २०१० च्या हरित न्यायाधिकरण कायद्याच्या कलम २९ ने तो दरवाजा बंद केला आहे.

सरकारविरुद्ध दिवाणी दावा करायचा असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते. तातडी खरी असेल तर न्यायालयाच्या परवानगीने नोटिशीशिवाय दावा दाखल करता येतो, पण सरकारचे म्हणणे ऐकल्याशिवाय तात्पुरता आदेश मिळत नाही. महामार्ग, बंदर, वीजवाहिनी यांसारख्या प्रकल्पांच्या बाबतीत २०१८ च्या दुरुस्तीने स्पेसिफिक रिलीफ ॲक्टमध्ये कलम ४१(हअ) घातले गेले. ज्या मनाईने अशा प्रकल्पाचे काम अडेल किंवा लांबेल, ती मनाई देता येत नाही. मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला ज्यांची जमीन आहे त्यांनी काम थांबवण्याच्या मागे न लागता मोबदला, मोजणी आणि पोचरस्ता यांवर लक्ष देणे शहाणपणाचे ठरते.

दाव्याआधीची तयारी

न्यायाधीशांनी जागा पाहिलेली नसते. आपण कागद आणि छायाचित्रे यांतून जेवढी जागा त्यांच्यापुढे उभी करू, तेवढीच त्यांना दिसते. सातबारा, ८-अ, संबंधित फेरफार, घर असेल तर ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा, गटाचा नकाशा आणि भूमी अभिलेख खात्याची मोजणी झाली असेल तर तिची क प्रत, एवढे आधी जमवावे. सातबारा हा महसुली अभिलेख आहे. त्यातील नोंद खरी असल्याचे गृहीतक असते, पण विरुद्ध पुरावा देऊन ते खोडता येते, आणि केवळ सातबाऱ्यावरील नावाने मालकी सिद्ध होत नाही. मनाईसाठी त्याहून महत्त्वाचा प्रश्न असतो दाव्याच्या तारखेला ताबा कोणाचा होता हा. विजेचे बिल, आंब्याच्या बागेवर फवारणी आणि राखणीसाठी केलेला खर्च, काजू विकल्याच्या पावत्या हे कागद ताबा दाखवतात आणि लोक ते आणायचेच विसरतात.

छायाचित्रे काढताना नुसता गडगा टिपू नये. न हलणारी एखादी खूण, म्हणजे विहिरीचा कठडा, विजेचा खांब किंवा घराची पायरी, त्याच चौकटीत आली पाहिजे, म्हणजे गडगा नेमका कोठे आहे हे पुढे वादाचे राहत नाही. चिऱ्यांचे किती थर चढले ते मोजता येईल इतक्या जवळून एक आणि संपूर्ण वाट दिसेल इतक्या लांबून एक, असे रोज काढावे. मोबाइलवरील छायाचित्रांना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र जोडावे लागते, त्यामुळे मूळ फोन जपून ठेवावा.

मुंबई-पुण्यात राहणाऱ्या चाकरमान्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. गावातील भावाला किंवा पुतण्याला कुलमुखत्यारपत्र देऊन त्याच्यामार्फत दावा चालवता येतो. परंतु जे फक्त मूळ मालकालाच माहीत आहे, त्याची साक्ष मुखत्यार देऊ शकत नाही. उलट, रोज जागेवर काय घडते हे मुंबईत राहणाऱ्या मालकाला माहीत नसते. म्हणून गावात राहणाऱ्या, वाट प्रत्यक्ष वापरणाऱ्या माणसाचे स्वतंत्र शपथपत्र पहिल्याच दिवशी जोडणे हे अशा दाव्यात निर्णायक ठरू शकते.

वाटेचा हक्क वहिवाटीने मागत असाल, तर भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम १५ प्रमाणे वीस वर्षांचा उघड, हक्काने आणि अखंड वापर दाखवावा लागतो, आणि तो वापर दाव्याच्या आधीच्या दोन वर्षांपर्यंत चालू असला पाहिजे. शेजाऱ्याच्या मेहेरबानीने, परवानगी घेऊन चाललेल्या वाटेवर असा हक्क बसत नाही. त्यामुळे वाट बंद झाल्यानंतर गप्प राहून घालवलेले प्रत्येक वर्ष आपल्याच विरुद्ध जाते.

मागणी कशी लिहावी

दाव्यातील मागणीचा परिच्छेद हा सर्वात कमी लक्ष दिला जाणारा आणि सर्वात महत्त्वाचा भाग आहे, कारण आदेश बहुधा त्याच शब्दांत निघतो. ‘प्रतिवादींनी वादींच्या कब्जेवहिवाटीस हरकत करू नये’ एवढेच लिहिले, तर आदेश मिळूनही दुसऱ्या दिवशी प्रतिवादी म्हणेल की मी हरकत करीतच नाही, माझ्या हद्दीत बांधतो आहे. त्याऐवजी असे लिहावे: ‘दाव्यासोबतच्या नकाशात अ-ब-क या अक्षरांनी दाखवलेल्या, ग्रामपंचायत रस्त्यापासून वादीच्या घराच्या पूर्वेकडील पायरीपर्यंत जाणाऱ्या सुमारे सहा फूट रुंदीच्या वाटेवर प्रतिवादींनी स्वतः, नोकर, मजूर, ठेकेदार किंवा अन्य कोणामार्फत गडगा, कुंपण, फाटक अथवा कोणतेही बांधकाम करू नये, चिरे, वाळू अगर माती टाकू नये आणि वादी व त्यांचे कुटुंबीय यांच्या पायी व वाहनाने ये-जा करण्यास अडथळा करू नये.’ यात जागा नकाशाला बांधली आहे, माणसे मोजली आहेत आणि कृत्ये नावानिशी सांगितली आहेत. रुंदी आणि वाहनाचा उल्लेख मात्र पुराव्यात बसेल तेवढाच करावा; ज्या पाणंदीतून आजवर फक्त माणसे आणि गुरे गेली तेथे वाहनाचा हक्क मागितला, तर खऱ्या मागणीवरचाही विश्वास उडतो.

हद्दच वादाची असेल, तर त्याच संहितेच्या आदेश २६ नियम ९ खाली न्यायालय आयुक्त नेमून मोजणी करून घेण्याचा अर्ज द्यावा. जागेची आजची स्थिती नोंदवून ठेवायची असेल, तर आदेश ३९ नियम ७ खाली पाहणीचा आदेश मागता येतो.

दाव्याचे स्वरूप निवडतानाही जपावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये अनाथुला सुधाकर विरुद्ध पी. बुची रेड्डी या निकालात स्पष्ट केले आहे की ताबा आपला आहे आणि मालकीवर खरा वाद नाही, तेथे नुसत्या मनाईचा दावा पुरतो; मालकीवर गंभीर शंका उभी केली गेली असेल तर मालकीच्या घोषणेची मागणी जोडावी लागते, आणि ताबा गेलेला असेल तर ताबा परत मागावा लागतो. ताबा गमावलेल्याने फक्त मनाई मागितली, तर त्याचा दावा टिकणे कठीण.

निशाणी ५

आपल्याकडील दिवाणी न्यायालयांत तात्पुरत्या मनाईचा अर्ज निशाणी ५ म्हणून ओळखला जातो. या अर्जावर न्यायालय तीन गोष्टी तपासते: प्रथमदर्शनी केस आहे का, आदेश न दिल्यास पैशाने भरून न येणारे नुकसान होईल का, आणि आदेश देण्याने कोणाची गैरसोय अधिक होईल. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या दलपत कुमार विरुद्ध प्रल्हाद सिंग या निकालात या तिन्हींचे विवेचन आहे. साठ वर्षांचे हापूसचे कलम तोडले गेले तर ते भरून येत नाही, हे न्यायालयाला पटवणे सोपे आहे. दुकानगाळ्याचे भाडे बुडते आहे, एवढ्याने ते पटत नाही, कारण ते पैशात मोजता येते.

समोरच्याला न ऐकता एकतर्फी मनाई मिळू शकते, पण तो अपवाद आहे. आदेश ३९ च्या नियम ३ प्रमाणे नोटीस काढण्यातील विलंबाने अर्जाचा हेतूच निष्फळ होईल, अशी कारणे न्यायालयाला लिहून ठेवावी लागतात. असा आदेश मिळाला की वादीवर लगेच एक काम येऊन पडते: अर्ज, शपथपत्र, दावा आणि कागदपत्रांच्या प्रती प्रतिवादीला पोचवायच्या किंवा नोंदणीकृत टपालाने पाठवायच्या आणि तसे केल्याचे शपथपत्र त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दाखल करायचे. आदेश मिळाल्याच्या आनंदात हे राहून जाते आणि पुढच्या तारखेला प्रतिवादीचा वकील नेमके त्यावरच बोट ठेवतो. एकतर्फी आदेश दिल्यावर तीस दिवसांत अर्जाचा निकाल लावण्याचा प्रयत्न न्यायालयाने करावा, असे नियम ३-अ सांगतो. अर्जात महत्त्वाच्या गोष्टीबद्दल जाणूनबुजून खोटे किंवा दिशाभूल करणारे विधान करून एकतर्फी मनाई मिळवली असेल, तर नियम ४ खाली ती उठवली जाते. आपल्या विरुद्ध जाणारा जुना फेरफार किंवा आधीचा फेटाळलेला अर्ज लपवू नये. तो आपणच दाखवून त्याचे उत्तर द्यावे.

वेळेचे भान येथे फार लागते. कोकणात बांधकामे पावसाआधी उरकण्याची घाई मे महिन्यात असते आणि त्याच सुमारास दिवाणी न्यायालयांना उन्हाळी सुट्टी लागते. तंट्याची चाहूल एप्रिलमध्ये लागली असेल तर सुट्टीपूर्वीच दावा दाखल करावा. सुट्टीतही तातडीच्या अर्जांसाठी न्यायाधीश नेमलेले असतात. ते कोठे बसतात याची चौकशी तालुक्याच्या वकील संघात करून ठेवावी.

सामायिक जमीन

सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावे असलेल्या जमिनीत मनाई मागताना अपेक्षा मर्यादित ठेवावी लागते. प्रत्येक सहहिस्सेदार प्रत्येक इंच जमिनीचा मालक समजला जातो, त्यामुळे एका हिस्सेदाराने दुसऱ्याला जमिनीत पाऊलच ठेवू देऊ नये, असा आदेश सहसा मिळत नाही. खरा उपाय वाटपाच्या दाव्याचा असतो आणि त्या दाव्यात, वाटप होईपर्यंत कोणी झाडे तोडू नयेत, कायमचे बांधकाम करू नये, मिळकत परस्पर विकू नये, अशी मनाई मागता येते. भाऊबंदकीत हा फरक समजावून सांगणे अवघड जाते, पण तो समजल्याशिवाय केलेला दावा वर्षे खातो.

बाहेरच्या खरेदीदाराची गोष्ट वेगळी आहे. एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातील अविभक्त हिस्सा कुटुंबाबाहेरच्या माणसाने विकत घेतला, तरी मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ४४ प्रमाणे त्याला घरात संयुक्त ताबा मागण्याचा हक्क मिळत नाही. त्याने वाटप मागावे. एका कुटुंबाच्या घरावरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला १९९० चा दोराब कावसजी वॉर्डन विरुद्ध कूमी सोराब वॉर्डन हा निकाल याच कलमावर आहे. खळ्यासह असलेल्या वडिलोपार्जित घरात परका मनुष्य शिरण्याच्या बेतात असेल, तर हे कलम दाव्यात स्पष्टपणे मांडावे.

हापूसच्या बागेबद्दल आणखी एक सोय आहे, तिचा उपयोग फार कमी लोक करतात. भांडणात आंबा झाडावरच किंवा अढीत सडण्यापेक्षा, लवकर नाश पावणारा माल विकून पैसे न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे ठेवण्याचा आदेश आदेश ३९ नियम ६ खाली मागता येतो, आणि संपूर्ण बागेचा कारभार तटस्थ माणसाकडे हवा असेल तर आदेश ४० खाली रिसीव्हर नेमण्याचा अर्ज करता येतो. हा अर्ज मोहोर धरतानाच करावा.

करायला लावणारा आदेश

बांधलेला गडगा पाडा, बंद केलेले फाटक उघडा, असा आदेश दाव्याच्या सुरुवातीलाच मिळवणे अधिक कठीण असते, कारण त्याने जागेची स्थिती राखली न जाता बदलते. वॉर्डन निकालाने यासाठी प्रथमदर्शनी केसपेक्षा वरची पायरी ठेवली आहे: तंट्याच्या आधीची, निर्विवाद असलेली शेवटची स्थिती परत आणण्यासाठी हा आदेश असावा आणि वादीची बाजू बळकट असावी. म्हणूनच काम चालू असताना काढलेली छायाचित्रे आणि काम थांबवण्यासाठी दिलेली लेखी नोटीस यांना मोल येते. नोटीस मिळाल्यावरही घाईघाईने गडगा पूर्ण करणाऱ्याला न्यायालय सहानुभूती दाखवत नाही, आणि डोळ्यांसमोर बांधकाम पूर्ण होईपर्यंत गप्प बसलेल्यालाही दाखवत नाही.

आपल्यावर मनाई येण्याची शक्यता असेल तर

समोरचा न्यायालयात जाणार अशी कुणकुण लागली, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ खाली कॅव्हेट, म्हणजे आपल्याला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये असा अर्ज, दाखल करावे. त्याचा अंमल नव्वद दिवस असतो. ते संपत आले की नवे दाखल करावे. एकतर्फी मनाई झालीच, तर ती मोडण्याचा विचारही करू नये. आदेश चुकीचा वाटला तरी तो उठेपर्यंत पाळावाच लागतो. तो उठवण्यासाठी आदेश ३९ च्या नियम ४ खाली अर्ज करता येतो किंवा आदेश ४३ नियम १ खाली अपील करता येते. कनिष्ठ स्तर न्यायालयाच्या अशा आदेशावरील अपील जिल्हा न्यायालयात तीस दिवसांत करायचे असते.

आदेश मिळाल्यानंतर

आदेश फाइलमध्ये पडून काही थांबत नाही. त्याच दिवशी सही-शिक्क्याच्या नकलेसाठी अर्ज करावा, बजावणी हमदस्त (पक्षकाराने स्वतः हातोहात न्यायची) मिळत असेल तर बेलीफाबरोबर स्वतः जावे, आणि एक प्रत पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्यावी. पोलिसांनी आपणहून बंदोबस्त द्यावा ही अपेक्षा ठेवू नये. गरज असेल तर संहितेच्या कलम १५१ खाली न्यायालयाकडूनच पोलीस मदतीचा आदेश मागावा.

तात्पुरता आदेश मोडला गेला, तर आदेश ३९ च्या नियम २-अ खाली अर्ज करता येतो. न्यायालय मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त करू शकते आणि त्याला तीन महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगात ठेवू शकते. यासाठी दोन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात, आदेश त्याला माहीत होता आणि तरीही त्याने ते कृत्य केले. पहिली बेलीफाच्या अहवालाने आणि दुसरी तारखेसह काढलेल्या छायाचित्रांनी व पंचांच्या शपथपत्रांनी.

अंतिम निकालानंतर अंमलबजावणी दरखास्तीने, म्हणजे निकाल अमलात आणण्याच्या अर्जाने, होते. आदेश २१ नियम ३२ खाली जप्ती आणि कैद आहेच. त्याशिवाय, करायला सांगितलेले काम प्रतिवादीने केले नाही तर न्यायालय ते वादीकडून किंवा अन्य कोणाकडून करवून घेऊन खर्च प्रतिवादीकडून वसूल करू शकते. निरंतर मनाईच्या दरखास्तीला मुदतीचे बंधन नाही. गडगा पाडण्याचा किंवा फाटक उघडण्याचा आज्ञार्थी हुकूमनामा मात्र तीन वर्षांत दरखास्तीला लावावा लागतो. आदेशात कामासाठी तारीख ठरवून दिली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर हुकूमनाम्याच्या तारखेपासून.

वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. गावातील घरात एकट्या राहणाऱ्या अनेक वृद्ध स्त्रियांना हे कोणी सांगतच नाही, म्हणून आपल्या वाडीत अशी कोणी असेल तर तिला बरोबर घेऊन तालुक्याच्या न्यायालयात जावे आणि अर्ज तेथेच भरून द्यावा.